भीमाशंकरच्या नावानं

औराद, १२ ऑगस्ट २०११

महांतेश भावजींना रूपाचा नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नका. तुमच्या अव्वा, आमच्या आत्याबाई, धडधाकट हायत, घरात कुणाचं काही वाईट झालेलं न्हाई. फोन केला की एकदा वाजतो आणि कापला जातो, त्याअर्थी नंबर अजून तुमच्या ओळखीचा हाय. म्हणून बेंगळुरूला तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र घालायलेय. पत्र काही कापता येत न्हाई.

तुमच्या भावाच्या तेराव्याला लिंगाप्पा काकांनी "धाकट्यानंच हिला पदरी घ्यावं" असं काढलं आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गाडी धरलीत, ते आजतागायत आला न्हाईत. त्याचा राग मला तेव्हाही न्हवता. मी काही दिराच्या गळ्यात पडायला टपून बसले न्हवते. पण चुलत्याच्या एका बोलण्यापायी तुम्ही आईचं तोंड बघायचं सोडलंत, हे काही बरं केलं न्हाई.

आता कामाचं. माझं पाटाचं ठरलंय. मुडबीचे काशप्पा म्हणून हायत, आपल्यातलेच. जळालेल्या पंपाच्या मोटारी नव्यानं भरून द्यायचं दुकान हाय त्यांचं. बायको तापानं गेली, एक लेक हाय, तिसरीत शिकती. मी लई दिवस नको म्हणत होते. आत्याबाईच मागं लागल्या. म्हणाल्या, "माझ्यामागं तुला जेवलीस का म्हणून इचारणारं बी कोण ऱ्हाणार न्हाई." त्यांच्याच तोंडून निघालं म्हणून मी व्हय म्हणाले. आणि खरं सांगायचं तर काशप्पा मला आवडले. कमी बोलतात, पण समोरच्याचं ऐकून घेतात.

त्यांची बहीण श्रीदेवी बिदरला नर्स हाय, मैलूरला राहती. सोयरीक जुळवताना हल्ली काम्प्युटरवर नाव टाकून बघायची रीत पडायलीय म्हणे. तिनं तुमच्या भावाचं नाव टाकलं. आणि मग मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हे गेलेत का सोडून गेलेत?"

भावजी, तुमचे भाऊ त्या पडद्यावर होते. मस्कतला जाताना तुम्हीच काढून दिलेलं ते नेटवरचं खातं, तोच निळ्या शर्टातला फोटो. आणि खाली मागच्या आठवड्यातली तारीख टाकून लिहिलेलं, इंग्रजी अक्षरांत आपली बोली: इथं लई ऊन पडलंय, डोक्याला फडकं बांधून काम करायलोय, अव्वाची याद येती. त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. माती दिल्यापासून आजपर्यंत माणूस लिहायलाय.

मला काय वाटलं ते राहू द्या.

श्रीदेवी एकेक वाचून दाखवीत होती. त्यात मैलार मल्लण्णाच्या जत्रेचं आलं. महांतेशच्या पायात काच घुसली, मी त्याला पाठीवर घेऊन चाललो, पण गडी रडला न्हाई, असं. तिथं मी तिला थांबवलं. कारण तुमचे भाऊ ही गोष्ट मला कितीतरी वेळा हसत हसत सांगायचे, की गडी वाटभर माझ्या शर्टाला नाक पुसत रडत आला. तुम्ही रडला न्हाईत असं म्हणणारा जगात एकच माणूस हाय, आणि तो बेंगळुरूला राहतो.

कामून केलंत हे मी विचारत न्हाई. पण त्यानं काय झालंय ते ऐका. बातमी लिंगाप्पा काकांपर्यंत गेली. त्यांनी पाट थांबवलाय. म्हणायलेत, "मेलेला माणूस लिवत न्हाई. लिवतो म्हणजे जिता हाय. जित्याच्या बायकोचा पाट मी लावणार न्हाई." मी म्हणाले महांतेश भावजी लिहितात, तर म्हणतात, "तुला पाट पाहिजे, तू तसंच सांगणार." विमानातून आलेली पेटी गावात आपण उघडलीच न्हाई, पेटीसकट माती दिली, ते आता सगळ्यांना आठवायलंय. मयताचा दाखला अरबीत हाय, तो कुणाला वाचता येतोय?

आपल्यातली रीत तुम्हाला ठाऊक हाय. पाटाआधी मागच्या घराच्या माणसानं बिरप्पाच्या देवळापुढं तोंडानं बोलावं लागतं: आमचा माणूस गेला, हिला मोकळी केली. घरात बाप्या माणूस आता तुम्हीच. आणि हैदराबादला विमानतळावर काका बाहेर जीपमध्ये बसले होते, आत जाऊन पेटीचं झाकण उघडून तोंड बघून सही केलीत ती तुम्ही एकट्यानं. ते तोंड बघितलेला तुमच्याशिवाय कुणी न्हाई.

दिवाळीपर्यंत काशप्पांकडची माणसं थांबतील. या आणि बोला.

रूपा

औराद, २० सप्टेंबर २०११

महांतेश भावजींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, लिहिलंत.

तुम्ही म्हणता, भावाच्या वाढदिवसाला त्यांच्या मस्कतच्या मित्रांनी त्या पानावर शुभेच्छा टाकल्या, ते कंपनी सोडून दुसरीकडं गेलेले, त्यांना काही ठाऊकच न्हवतं. "भाऊ वारला" असं कळवायला बसलात आणि बोटातनं "थँक यू" निघालं. मग कुणी तब्येत विचारली, त्याला उत्तर दिलंत. मग ते चालूच राहिलं. हे मला समजलं. वाचताना रडूही आलं, ते लपवत न्हाई.

पण पुढं लिहिलंय ते मला पटत न्हाई. नेटवर टाकलेलं कधीच नष्ट होत न्हाई, म्हणून दादाला तिथं ठेवला, म्हणता. दोन पावसाळ्यांत तुमच्या भावाची माती सपाट झालीय. मेंढरं चरतात तिथं. मीसुद्धा आता लिंबाच्या झाडाच्या अंदाजानं नारळ ठेवते. त्याचं मला वाईट वाटत न्हाई, मेंढरातच वाढलेला माणूस तो. भावजी, मला कायम टिकणारा नवरा नको होता. मला घरी येणारा नवरा पाहिजे होता. तो येणार न्हाई म्हटल्यावर मला पुढं जगायचंय, आणि तुम्ही त्याला वाटेत उभा करून ठेवलाय.

आणि शेवटी लिहिलंत की सगळं पुसून टाकलं, आता कुणाला काही दिसणार न्हाई, यायची गरज उरली न्हाई. अहो, हे काय करून बसलात? शिकलेली माणसं तुम्ही. पुसायच्या आधी मला एका शब्दानं विचारायचं होतंत. लिंगाप्पा काकांनी कुणाकडून तरी पुन्हा बघायला लावलं, तर पान गायब. आता ते चावडीवर सांगत फिरायलेत, "बघा, खबर लागली आणि गडी सावध झाला. मेलेला माणूस पुसंल व्हय?" तुमच्या लिहिण्यानं माणूस जिता झाला होता, पुसण्यानं तर त्याचे हातपाय हलायले.

बरं, पुसलं म्हणावं तर गेलंही न्हाई. श्रीदेवीनं त्या पानांचे कागद काढून ठेवले होते. घरच्या थोरांना दाखवायला म्हणून मुडबीला नेले, तिथून ते औरादला आले. कुणी वाचायलंय, कुणी वाचून घ्यायलंय. माझ्या नवऱ्याला अव्वाची याद येती, हे आता चहाच्या टपरीवर ठाऊक हाय. माझी याद येती असं तुम्ही कुठं लिहिलं न्हाई, तेवढे उपकार.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली होती. श्रीदेवीनं पहिल्यांदा पडदा दाखवला तेव्हा जत्रेची गोष्ट यायच्या आधी थोडा वेळ गेला. तेवढा वेळ ते जिते होते. मला वाटलं होतं, असं काही कधी झालंच तर मी धावत सुटेन, देवाला दंडवत घालेन. तसलं काही झालं न्हाई. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते काशप्पांचं, आणि त्या पोरीचं, जिला मी वेणी घालून देईन म्हटलं होतं. भावजी, मला आनंद झाला न्हाई, मला भीती वाटली. ज्या माणसासाठी मी भिंतीला डोकं आपटून घेतलं, तो जिता हाय म्हटल्यावर मी भ्याले. हे मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते, कारण तुम्हीच मला तिथं नेऊन उभं केलंत.

आता तरी या. कागदानं, फोननं होणारं काम न्हाई हे.

रूपा

औराद, १८ ऑक्टोबर २०११

भावजी,

आज तुमच्यासाठी न्हाई, आत्याबाईंसाठी लिहायलेय.

त्यांच्यापासून मी हे सगळं लपवलं होतं. पाट कशामुळं अडला असं विचारलं की मुहूर्ताचं कारण पुढं करायची. पण गावात तोंडं किती धरणार? हातपंपावर चन्नव्वानं विचारलं, "रेणुकाबाई, तुमचा भीमा लिवतोय म्हणं." घागर तिथंच ठेवून घरी आल्या.

मला वाटलं आता या दारात बसतील, लेक येतो म्हणून वाट बघतील, आणि मला हे घर सोडता येणार न्हाई. त्यांनी तसलं काही केलं न्हाई. चूल पेटवली, भाकरी केल्या, मला वाढलं. मग म्हणाल्या, "ते कागद आण आणि वाच."

मी कागद मागवून आणले. त्या भिंतीला टेकून बसल्या, मी वाचायला लागले. इथं लई ऊन पडलंय. अव्वा, जेवलीस का. गुडघा दुखतो का अजून. अव्वा, थंडी पडली असंल, कांबळं काढलंस का. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मध्येच म्हणाल्या, "ह्यो भीमा न्हाई. भीमानं उभ्या जन्मात मला जेवलीस का म्हणून इचारलं न्हाई. माझ्या ताटातली भाकर उचलून जायचा त्यो. ह्यो माझा धाकटा हाय."

मी म्हणाले, व्हय, आत्याबाई. मला वाटलं, सुटलो. आता त्या लिंगाप्पा काकांना दोन शब्द सांगतील.

तर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पुसायला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, कुणी न्हाई, त्यांनीच पुसलं. "तू लिवलं असशील म्हणून पुसलं," म्हणाल्या. "एवढे दिस माझं लेकरू मला जेवलीस का म्हणून इचारीत हुतं आणि मला कुणी सांगितलं न्हाई. मेल्या भावाच्या नावानं का हुईना, इचारीत हुतं. आता त्ये बी गेलं."

त्या दिवसापासून माझ्याशी बोलत न्हाईत. ज्या बाईनं मला स्वतः उजवायला काढलं, ती माझ्याकडं पाठ करून झोपती. मी काय गुन्हा केला? मला संसार पाहिजे म्हणून मी तुम्हाला हाक मारली, एवढंच. त्यांना वाटतं, माझ्या संसारापायी त्यांच्या धाकट्याचा आवाज बंद झाला.

मी श्रीदेवीला विचारलं, पुसलेलं परत आणता येतं का. ती म्हणाली, कंपनीच्या कुठल्यातरी मशीनमध्ये राहतही असंल, पण आपल्या हाताला यायचं न्हाई. अशी ही कायमची वस्तू. ज्याला नको त्याच्या दारात कागद होऊन येती, आणि ज्या आईला पाहिजे तिला सापडत न्हाई.

मी आता पाटासाठी या असं म्हणत न्हाई. पाट मोडला तर मोडला, मी शिवण शिवून पोट भरीन. आईला जे विचारायचं ते दारात येऊन विचारा. भावाचं नाव कशाला पाहिजे त्याला? तुमचं स्वतःचं नाव वाईट हाय का?

रूपा

मुडबी, २२ जानेवारी २०१२

महांतेश भावजींना रूपाचा नमस्कार.

आता रीतीनं मी तुमची कुणी न्हाई, भावजी म्हणू नये. पण दुसरं काय म्हणायचं ते सुचत न्हाई, तवा चालवून घ्या.

तुम्ही विचारलंय, वहिनी, माझ्यावर राग हाय का. त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे तुम्ही आलात आणि बिरप्पाच्या देवळापुढं सगळे जमलो, त्या दिवसाचं सांगावं लागतं. तुम्ही खाली मान घालून उभे होता, म्हणून सगळं तुम्हाला दिसलं नसणार. मी बायकांत बसले होते, मला दिसत होतं.

लिंगाप्पा काकांनी विचारलं, "झाकण तू उघडलंस. भीमाचंच तोंड हुतं का?" मला मनातनं राग आला, की एवढ्या लांबून आले आणि "व्हय" म्हणायला काय होतंय. मग तुम्ही म्हणालात, "काका, मी झाकण उघडलं न्हाई. हात गेला न्हाई माझा. बघितलं म्हणून सही केली आणि बाहेर आलो."

काशप्पांकडची माणसं उठली. त्यांचा थोरला चुलता चपला शोधायला लागला. काका म्हणाले, "झालं तर मग, कुणीच बघितलं न्हाई." माझा पाट गेला हे तर कळलंच, पण त्याहून दुसरंच कळत होतं. तुम्ही त्या पानावर काय करीत होता ते मला तिथं समजलं. तुम्ही भावाला जिवंत ठेवीत न्हवता. तुम्हाला स्वतःलाच ठाऊक न्हवतं, आणि विचारायला कुठं जागा न्हवती.

तेवढ्यात आत्याबाई माझ्या शेजारून उठल्या. इतके दिवस माझ्याशी न बोललेली बाई माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. बाप्यांत जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझं ऐका. भीमा मस्कतला गेल्यापास्नं दर शुक्रवारी फोन करायचा. त्यांची सुट्टी शुक्रवारी. ताप असला तरी करायचा, भांडून गेला तरी करायचा. बोलायला काय नसायचं, नुसता 'हं, अव्वा' म्हणायचा आणि ठेवायचा. ज्या शुक्रवारी त्यो फोन आला न्हाई, त्या दिशी माझा भीमा गेला. मला झाकण कशाला उघडाया पाहिजे? पडद्यावर कोण काय लिवतंय त्ये तुमी बघत बसा. जिता असता तर आईला फोन केला असता."

त्यांनीच पुढं म्हटलं, "आमचा माणूस गेला. हिला मोकळी केली."

काका म्हणाले, "हे बाईनं बोलायचं न्हवं." आत्याबाई म्हणाल्या, "मग तुमी बोला. तुमाला फोन येत असंल तर तसं सांगा."

काकांनी वाटीतला भंडारा उचलून पाटाला होकार दिला, पण पहिली चिमूट तुमच्या भावाच्या मातीकडं उधळली, हेही तुम्ही बघितलं न्हाई. त्यांचाही पुतण्या होता तो. पेटी जीपमध्ये चढवताना खालून त्यांनीच खांदा दिला होता.

दुसऱ्या दिवशी काशप्पा मला न्यायला टेंपो घेऊन येईस्तोवर मी घर आवरत होते. आत्याबाईंनी ते कागद तुमच्यापुढं टाकले आणि म्हणाल्या, "आता तू वाच." तुम्ही वाचलंत. अव्वा, जेवलीस का, हे तुम्ही आईसमोर बसून वाचत होता, आणि ती दर वेळी नेमानं उत्तर देत होती, "जेवले." कागद संपले तशी म्हणाली, "बाकीचं?" तुम्ही म्हणालात, बाकीचं पुसलं, अव्वा, गेलं ते. "गेलं कुठं? तूच लिवलंस न्हवं? आठव आणि सांग." तुम्ही आठवून सांगायला बसलात. मी तेवढंच बघून निघाले. त्यांनी उठून मला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, कानशिलावर बोटं मोडली आणि परत तुमच्यासमोर जाऊन बसल्या. निघताना रडू आलं न्हाई, ते टेंपोत बसल्यावर आलं.

आपल्या रीतीनं पाटाच्या बाईनं मागच्या उंबऱ्याला पाय लावायचा नसतो. म्हणून मी येणार न्हाई, आणि पत्रही आता घालणार न्हाई. महिन्याला येतो म्हणून आईला शब्द दिलाय तुम्ही, तो पाळा. त्यांचा उजवा गुडघा थंडीत धरतो, हे तुम्ही तिथं बसून लिहीत होता, आता तेल लावून द्या.

मला विचाराल तर मी सुखात हाय. पोर पहिल्यांदा जरा बिचकली, आता शाळेतनं आली की आधी मला शोधती. काशप्पांनी तुमच्या भावाबद्दल एकदाच विचारलं, की माणूस कसा होता. मी म्हणाले, चांगला होता. ते म्हणाले, बरं.

राग न्हाई, भावजी. तुमच्या जागी मी असते तर मीही झाकण उघडलं नसतं. आत्याबाईंचं बोलणं मला सोळा आणे पटलंय, म्हणूनच मी इथं हाय. तरीपण सगळं खरं सांगायचं तर एवढं उरतंच. दुकानात फोन हाय, गिऱ्हाइकांचा सारखा वाजतो, माझं लक्षही जात न्हाई. शुक्रवारी वाजला की माझा हात थांबतो. काशप्पा उचलतात, कुणाची तरी मोटार जळालेली असती. मग ते मला ऐकू येईल असं गिऱ्हाइकाचं नाव मोठ्यानं घेतात, आणि मी कामाला लागते.

रूपा